सभासद, लाभार्थी आणि मतदार

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिचा सभासद होणं सोपं नव्हतं. सभासद होऊ पाहणाऱ्याने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, अशी अट होती. सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, पेशाने वकील. दुसऱ्याच्या वतीने बोलायचं तर त्याचं मुखत्यारपत्र हवं, हा कोर्टातला नेम त्यांनी सार्वजनिक कामाला लावला. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून हे सगळं सुरू झालं होतं. पण सभा उभी राहिली तेव्हा पंचाण्णव जणांच्या हाती सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रं होती. विधिमंडळासाठी मतदान हा प्रकारच तेव्हा हिंदुस्थानात नव्हता. मतपेटी यायच्या आधी एका बिनसरकारी संस्थेने स्वतःपुरता मतदारसंघ तयार केला होता.

संस्थांमध्ये काम केल्याने माणूस राजकारणात अधिक भाग घेतो का, या प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षं लिहिलं जातंय. राजकारणात भाग घेणं म्हणजे मतदानाइतकंच ग्रामसभेत उभं राहून बोलणं, अर्ज करणं, मोर्चात चालणं, निवडणुकीला उभं राहणं. या लिखाणातला बराचसा भाग अमेरिका-युरोपातला आहे आणि तो जसाच्या तसा इथे लागू होत नाही. तरी सुरुवात तिथूनच करावी लागते.

अलेक्सी द तॉकव्हिल हा फ्रेंच उमराव १८३१ मध्ये अमेरिकेत गेला. तिथले लोक रस्त्यापासून दारूबंदीपर्यंत कशासाठीही मंडळ काढतात, हे पाहून तो चकित झाला. एकट्याने काही होत नाही आणि चौघांनी मिळून होतं, ही सवय माणसाला मंडळात लागते आणि लोकशाही त्या सवयीवर चालते, असं त्याचं म्हणणं. पुढे १९६३ मध्ये गॅब्रिएल आमंड आणि सिडनी व्हर्बा यांनी पाच देशांतल्या सुमारे पाच हजार लोकांच्या मुलाखतींवरून त्याला आकड्यांचा आधार दिला: कुठल्या तरी संस्थेचा सभासद असलेल्या माणसाला ‘सरकारपुढे माझं काही चालू शकतं’ असं अधिक वाटतं, मग ती संस्था राजकारणापासून कितीही लांब असो. संस्थेत प्रत्यक्ष काम करणाऱ्याला नुसत्या वर्गणीदारापेक्षा जास्त वाटतं.

त्यानंतरचं सर्वांत उपयोगी काम मला १९९५ मधलं वाटतं, व्हर्बा, श्लोझमन आणि ब्रेडी यांचं. माणसं राजकारणात का येत नाहीत, याची त्यांनी तीनच कारणं दिली: त्यांना जमत नाही, त्यांना नको असतं, किंवा त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं. पहिल्या आणि तिसऱ्या कारणावर संस्था थेट काम करते. पत्र लिहिणं, बैठक बोलावणं, चारचौघांत बोलणं ही कौशल्यं नोकरीत शिकता येतात, पण ती वरच्या नोकऱ्यांत. कारकुनाला किंवा झाडूवाल्याला कोण सभा चालवायला देतो? अमेरिकेत ती संधी गरिबाला चर्चमध्ये मिळते, असं या तिघांना आढळलं. त्यातही ज्या चर्चचा कारभार सामान्य भाविकांच्या हाती असतो, तिथे अधिक. धर्म कोणता यापेक्षा सभा कोण चालवतो, हे महत्त्वाचं ठरलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मराठी मुलखात हाच धागा वारंवार हाताला लागतो.

गणेशोत्सव मंडळ घ्या. वर्गणी गोळा करणं, पालिकेकडून मांडवाचा परवाना, पोलीस ठाण्यातली परवानगी, मिरवणुकीच्या क्रमावरून शेजारच्या मंडळाशी तडजोड, शेवटी हिशेब आणि त्यावरची भांडणं. अठरा-वीस वर्षांच्या पोराला हे सगळं दोन हंगामांत येतं. मंडळाचा कार्यकर्ता पुढे नगरसेवकाचा उजवा हात आणि मग स्वतःच नगरसेवक, हा प्रवास मुंबई-पुण्यात कुणाला नवा नाही. या शाळेत मुलींना प्रवेश जवळजवळ नव्हता, हेही तितकंच ठाऊक असलेलं. आरती आणि हळदीकुंकू त्यांच्याकडे, परवाना आणि हिशेब मुलांकडे.

रॉबर्ट पुटनम यांनी १९९३ मध्ये इटलीच्या प्रांतिक सरकारांवरचं पुस्तक लिहिलं आणि या विषयाला एकदम भाव आला. १९७० मध्ये इटलीत सगळीकडे एकाच साच्याची प्रांतिक सरकारं आली. उत्तरेत ती चांगली चालली, दक्षिणेत नाही. पुटनम यांनी त्याचं कारण उत्तरेकडच्या गायनमंडळांत आणि फुटबॉल क्लबांत शोधलं. नंतर त्यांनी अमेरिकेत लोक क्लब सोडून एकेकटे होत चालल्याची चिंता मांडली. जागतिक बँकेपासून देणगीदार संस्थांपर्यंत सर्वांनी ‘सामाजिक भांडवल’ हा शब्द उचलला, आणि एनजीओ वाढवल्या की लोकशाही वाढेल असा सोपा हिशेब प्रकल्प-अहवालांत दिसू लागला.

या हिशेबात दोन भोकं आहेत. पहिलं अगदी साधं आहे. जो माणूस मुळातच उत्साही, शिकलेला, बोलका, तो संस्थेतही जातो आणि राजकारणातही. मग संस्थेने त्याला घडवलं हे कशावरून? टॉम व्हॅन डेर मेर आणि एरिक व्हॅन इंगेन यांनी २००९ मध्ये सतरा युरोपीय देशांची आकडेवारी तपासली. संस्था खरंच शाळा असेल तर तिथे राबणारा सभासद नुसती वर्गणी देणाऱ्यापेक्षा राजकारणात बराच पुढे असायला हवा. फरक फारसा नव्हता. मुख्य दरी सभासद आणि बिनसभासद यांच्यातच होती. म्हणजे शाळा उत्तम म्हणून निकाल चांगला, की हुशार मुलंच प्रवेश घेतात म्हणून, हा प्रश्न उरला आणि उत्तर दुसऱ्या बाजूला झुकलं.

दुसरं भोक जास्त भीतिदायक आहे. शेरी बर्मन यांनी १९९७ मध्ये वायमार जर्मनीकडे बोट दाखवलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत क्लब, संघ, मंडळं यांची कमतरता नव्हती, रेलचेल होती. पक्ष दुबळे, सरकार दुबळं, आणि मंडळांत संघटना चालवायला शिकलेली माणसं हिटलरच्या पक्षाने अलगद उचलली. २०१७ मध्ये सत्यनाथ, फोइग्टलेंडर आणि फोथ यांनी जर्मन शहरांच्या जुन्या नोंदी काढून दाखवलं, की जिथे क्लब दाट तिथे नाझी पक्षाचं सभासदत्व लवकर पसरलं. सहभाग तिथेही वाढलाच होता. भारतात आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये सहा शहरांच्या तुलनेतून याचीच दुसरी बाजू मांडली: संस्था किती यापेक्षा त्यांत कोण कोण एकत्र बसतं, हे पाहावं. त्यांनी भिवंडीचाही दाखला दिला. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या या गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुस्लिमांच्या एकत्र मोहल्ला समित्या बसवल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. समित्या पोलिसांनी बसवलेल्या, लोकांनी आपणहून काढलेल्या नव्हेत, हा तपशील सिद्धांतात नीट बसत नाही. मला तो म्हणूनच मोलाचा वाटतो.

आता भारताचा एक मोठा अपवाद. पाश्चात्त्य अभ्यासांत मतदान हे सहभागाचं पहिलं माप आणि तिथे शिकलेला, खातापिता माणूस अधिक मतदान करतो. आपल्याकडे उलट. योगेंद्र यादव आणि ‘लोकनीती’च्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकापासून दाखवलं, की गरीब, दलित, ग्रामीण मतदार श्रीमंत शहरी मतदारापेक्षा कमी नाही, बरेचदा जास्तच मतदान करतो. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं आणि दक्षिण मुंबईत ५० टक्क्यांच्या आसपास. नोंदणीकृत संस्था, ट्रस्ट, फाउंडेशन यांची गर्दी कुठे आहे हे वेगळं सांगायला नको. मत द्यायला भारतात संस्थेची गरज पडत नाही. जात, गाव, पक्ष, उमेदवार एवढं पुरतं. संस्थेचा प्रश्न खरा सुरू होतो तो निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी.

ते सर्वांत स्वच्छ दिसतं महिला बचत गटांत. सोलेदाद प्रिलमन यांनी मध्य प्रदेशात गट पोचलेल्या गावांची आणि शेजारच्या, गट न पोचलेल्या गावांची तुलना केली. कोणत्या गावात गट निघाले ते गावाच्या हुशारीवर ठरलेलं नव्हतं, त्यामुळे वरचा ‘आधीच उत्साही’ हा आक्षेप बराचसा गळून पडतो. मतदानात बायका पुरुषांच्या मागे नव्हत्याच. त्या मागे होत्या सभेला जाण्यात, अधिकाऱ्याकडे मागणी करण्यात. मत बहुतेकदा घराचं एक, आणि घराबाहेरचं बोलणं पुरुषाचं. गटात आलेल्या बायकांची सार्वजनिक सभांतली हजेरी सुमारे दुप्पट झाली. कर्जाच्या रकमेने हे घडलं नव्हतं. आठवड्याला घराबाहेर, नवऱ्याशिवाय, दुसऱ्या बायकांत बसून बोलायची एक मान्य झालेली जागा मिळाली, त्याने घडलं. परोमिता सन्याल यांनी पश्चिम बंगालच्या गटांबद्दल साधारण हेच लिहिलं आहे: पैशापेक्षा बैठकीचा गुण.

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासूनचं, ‘उमेद’ २०११ पासूनची. त्यांच्या आधी आणि बरोबरीने अनेक स्वयंसेवी संस्थांनी गट बांधले. गटाची शिस्त खेड्यातल्या बाईला तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. यात राजकारणाचा एक शब्द नाही. पण ठराव कसा लिहायचा, सही कुणाची घ्यायची, बँकेच्या साहेबापुढे खुर्चीत बसून कसं बोलायचं हे जिला आलं, तिला ग्रामपंचायतीत ‘हा ठराव इतिवृत्तात का नाही’ हे विचारता येतं. त्यात १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. उमेदवार शोधायला निघालेल्या पुढाऱ्यांना गटाची अध्यक्ष सापडली. नेहमी ती आपल्या मर्जीने उभी राहिली असं नाही. पण ‘कुणी बोलावलंच नाही’ हे तिसरं कारण तिच्यापुरतं संपलं.

सगळ्यांत ठळक उदाहरण मात्र आडव्या बाटलीचं. गावातल्या ठरावीक संख्येच्या महिला मतदारांनी लेखी मागणी केली की दारूच्या दुकानाबद्दल मतदान घेण्याचा नियम महाराष्ट्रात आहे. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत लागतं ते एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूची. अशा मतदानात पोस्टर-भाषणं पुरत नाहीत. दारोदार जाऊन, यादी हातात घेऊन, कुणाची सासू आडवी येतेय आणि कोण मजुरीला परगावी गेलीय हे माहीत असलेल्या पंधरावीस बायका लागतात. बचतीच्या गटाचं रूपांतर निवडणूक यंत्रणेत व्हायला इथे एका आठवड्याचं काम असतं. मी तर म्हणेन, संस्थेने नागरिक कसा घडतो हे अभ्यासायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही आणि आपल्या विद्यापीठांनी तिच्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही.

शहरी मध्यमवर्गाची गोष्ट वेगळी आहे. मुंबई महापालिकेने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एएलएम ही गल्लीपातळीवरच्या रहिवासी गटांची योजना सुरू केली. कचरा, फुटपाथ, अतिक्रमण यांवर या गटांनी वॉर्ड ऑफिसला भंडावून सोडलं. २००७ मध्ये जुहूमधून नागरिकांचे उमेदवार म्हणून अडॉल्फ डिसूझा पक्षांना हरवून नगरसेवक झाले आणि ‘नागरिकांचं राजकारण’ आलं असं वाटलं. ते पसरलं नाही. पार्थ चटर्जी यांचं स्पष्टीकरण कडवट आहे, पण टाळता येत नाही. या संस्था कायद्याने वागणाऱ्या, घरमालक, करदात्या नागरिकांच्या. फेरीवाला आणि झोपडपट्टीवासी त्यांच्या लेखी अतिक्रमण. हा दुसरा माणूस नगरसेवकाशी, पक्षाच्या शाखेशी सौदा करून जगतो. त्याचं मत मोलाचं, यांचं पत्र. गोव्यात २००६-०७ मध्ये ‘गोवा बचाव अभियाना’ने प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यायला लावला, तेव्हा शहरातला वास्तुविशारद आणि गावातला भाटकार-शेतकरी एका मागणीवर आले होते. मुंबईच्या रहिवासी संघांना तसं जमलेलं क्वचित दिसतं.

मग येते आपली शिक्षणसंस्था. महाराष्ट्रात संस्था काढायची तर १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा, अशी दोन्हीकडे नोंदणी होते. कागदावर सभासद, कार्यकारिणी, वार्षिक सभा सगळं असतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा मूठमूठ धान्य देणारा शेतकरी तिचा धनी होता. पुढच्या पिढ्यांत तालुक्यातालुक्यांत ज्या संस्था निघाल्या, त्यांतल्या कित्येकींची सभासद-यादी एका कुटुंबाच्या लग्नपत्रिकेवरच्या नावांहून मोठी नाही. वार्षिक सभा कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी कोरमशिवाय भरते. भांडण झालंच तर ते सभेत होत नाही, धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टवर, म्हणजे विश्वस्त-बदलाच्या नोंदीवर, होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. राजकीय सहभाग इथे भरपूर आहे: निवडणूक आली की प्राध्यापक-शिपाई बूथवर. नोकरी टिकवण्यासाठीचा हा सहभाग मोजणीत ‘संस्थेशी संबंधित’ म्हणूनच नोंदला जाईल, ही आकडेवारीची गंमत.

अमेरिकेतल्या बदलाबद्दल थीडा स्कॉचपोल यांनी लिहिलं, की सभासदांच्या संस्था जाऊन पगारी व्यवस्थापकांच्या संस्था आल्या; माणूस सभेला जाण्याऐवजी चेक पाठवू लागला. आपल्याकडे हे वेगळ्या वाटेने घडलं. कंपनी कायदा २०१३ ने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. विदेशी देणग्यांचा कायदा १९७६, मग २०१० आणि २०२० असा घट्ट होत गेला. त्याखालच्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणारी संघटना ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवायची सोय होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पक्षीय राजकारणाशी जोडलेल्या संघटनांपुरती मर्यादित केली. तरी संस्थांनी घ्यायचा तो धडा घेतला. प्रकल्प घ्यावा, लाभार्थी मोजावेत, फोटो जोडावेत, मोर्चाच्या वाटेला जाऊ नये. ‘आम्ही राजकारण करत नाही’ हे वाक्य आता अर्जातल्या एका रकान्यासारखं झालं आहे. लाभार्थ्याला सभेचं आमंत्रण जात नाही, कारण तो सभासद नसतो.

सेवेतून राजकारण उगवत नाही असं मात्र नाही. तारिक थाचिल यांनी २०१४ च्या पुस्तकात छत्तीसगडमधल्या संघपरिवाराच्या सेवासंस्थांचा अभ्यास केला. त्यांतल्या वनवासी कल्याण आश्रमाची सुरुवात १९५२ मध्ये जशपूरला रमाकांत केशव देशपांडे यांनी केली होती. शाळा, वसतिगृहं, दवाखाने यांतून जोडलेल्या आदिवासी कुटुंबांची मतं पुढे भाजपकडे वळली, आणि त्यासाठी पक्षाला आपल्या जुन्या मतदाराला दुखवावं लागलं नाही, असं त्यांचं निरीक्षण. मत मिळवायला सेवा पुरते. त्या कुटुंबातून संस्थेच्या कारभारात बोलणारी किती माणसं तयार झाली, हा निराळा प्रश्न, आणि तो डाव्या, गांधीवादी, ख्रिस्ती, सगळ्याच सेवासंस्थांना तितकाच लागू.

याच्या शेजारी १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा ठेवून पाहावी. तिनेही सेवाच केली: वसतिगृह, वाचनालय, शिक्षण. वर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे प्रतिष्ठित अध्यक्ष होते. पण कार्यकारी मंडळ बाबासाहेबांच्या हाती होतं आणि शिकण्याबरोबर संघटना नि चळवळ हे ब्रीद पहिल्यापासून होतं. तीन वर्षांत महाडचा सत्याग्रह झाला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. वसतिगृहातला मुलगा इथे लाभार्थी म्हणून आत आला आणि कार्यकर्ता म्हणून बाहेर पडला.

संघटनेने पक्ष व्हावं का, या वादाची महाराष्ट्रात बरीच कागदपत्रं जमली आहेत. शरद जोशींनी शेतकरी संघटना राजकारणाबाहेर ठेवण्याच्या घोषणा केल्या आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. माणसं रस्त्यावर लाखांनी आली, मतपेटीत आली नाहीत. अण्णा हजारेंच्या भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलनाने गावोगाव समित्या बांधून माहिती अधिकाराचा राज्य कायदा मिळवला. २०११ च्या दिल्लीतल्या आंदोलनात मात्र पाठिंबा मिस्ड कॉलवर मोजला गेला, आणि त्यातून २०१२ मध्ये पक्ष निघाला तेव्हा कोण कुणाला उत्तरदायी, हे सांगणारी सभासद-यादी कुणाकडेच नव्हती. उलट अंधश्रद्धा निर्मूलन समितीने पक्षाच्या वाटेला न जाता शाखा, शिबिरं, सह्या, शिष्टमंडळं यांवर जादूटोणाविरोधी कायद्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला. तो २०१३ मध्ये समितीचे संस्थापक डॉ. दाभोलकर यांच्या खुनानंतर झाला.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात आणखी एक रचना आहे. तिथे ग्रामसभा निर्णय घेते, तेही सर्वसहमतीने. आणि तिच्याबाहेर अभ्यास गट आहे, ज्याला निर्णयाचा अधिकार नाही. या कामातले देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. बाहेरच्याने अभ्यास गटात बोलावं, माहिती द्यावी, वाद घालावा. ग्रामसभेत गावाने ठरवावं. २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने. स्वयंसेवी संस्थेने किती आत यावं या प्रश्नाला मला माहीत असलेलं हे सर्वांत नेमकं उत्तर आहे, आणि ते एका लहान, एकजिनसी गोंड गावात सापडलं, ही त्याची मर्यादाही.

ऑगस्ट २०२४ पासून राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात थेट जाऊ लागले. बचतीची, बैठकीची, ठरावाची अट नाही. अर्ज भरून घ्यायला अंगणवाडी सेविका आणि गटांच्या ताई राबल्या, पण पैसे गटाला वळसा घालून गेले. त्या नोव्हेंबरच्या विधानसभेला महिलांचं मतदान आधीच्या निवडणुकीपेक्षा लक्षणीय वाढलं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. तिची हजेरीवही प्रत्येक ग्रामपंचायतीत असते, सह्या आणि अंगठ्यांसकट. गटातल्या आणि गटाबाहेरच्या बायकांची त्या वहीतली हजेरी २०२४ च्या आधी किती नि नंतर किती, हे मोजायला फार पैसा लागणार नाही. तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागालाही ते एका वर्षात जमेल.